बोटांवरची चांदी

"सर, तुमच्या बोटाले काय झालं?" तमन्नानं विचारलं तेव्हा जब्बार सरांचा हात तिच्या वहीवर होता, अपूर्णांकांच्या बेरजेवर, आणि त्यांना वाटलं, ती बेरजेबद्दलच काही विचारते आहे. मग त्यांनी पाहिलं. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं टोकांशी तपकिरी झाली होती, कुणी ती चहाच्या गाळात बुडवून ठेवावीत तशी. सकाळी हात धुतले तेव्हा ती स्वच्छ होती. घरच्या ओट्यावर ऊन आलं, शिकवणीची पोरं आली, बेरजा सुरू झाल्या, आणि त्या तासाभरात उन्हानं हे काम केलं होतं. "शाई लागली," ते म्हणाले. "पेनची." तमन्नानं त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि मग त्यांच्या खिशातल्या पेनकडे. पेन निळा होता. ती पाचवीत होती, शेजारच्या शिलाईवाल्याची मुलगी, आणि तिला प्रश्न पडला की तो तिच्या भुवयांत दिसायचा. पण ती काही बोलली नाही. खाली मान घालून ती पुन्हा छेद सारखे करायला लागली.

सरांनी हात मागे घेतला आणि स्वेटरच्या बाहीत लपवला. असेच डाग त्यांनी कितीदा तरी पाहिले होते, फक्त दुसऱ्या बोटांवर. आपल्या मुलीच्या, नसरीनच्या. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत हातमोजे फाटले की तिच्या बोटांवर असेच डाग पडायचे आणि तिची आई हुस्नाबी ओरडायची, "लग्नाच्या पोरीचे हात हे? गॅरेजात कामाले जातं का तू?" आणि नसरीन हसून म्हणायची, "अम्मी, चांदी आहे ती. लोक मढवून घेतात, मले फुकट भेटते." मग ती बापाला समजावून सांगायची. चांदीचा क्षार पाण्यासारखा दिसतो, त्याला ना रंग ना वास. कातडीवर पडला तरी लगेच कळत नाही. उजेड लागला की त्यातली चांदी सुटी होते आणि कातडीत बसते. सरांनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरांना विज्ञान शिकवलं होतं, आणि आता कुणीतरी त्यांना शिकवत होतं, याचं सुख त्यांना जेवणासारखं लागायचं. पण ऐकलेलं सगळं वेळेवर आठवतंच असं नाही. आज पहाटे कापूस गुंडाळलेल्या कानकाड्या संपल्या होत्या म्हणून त्यांनी फ्रिजमधल्या तिच्या बाटलीतलं चांदीचं पाणी बोटांनीच पायाला लावलं, आणि उजेडाची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही.

पोरं बेरजा करत राहिली. पलीकडच्या रस्त्यावरून कापसाची गाडी गेली, तिच्या ताडपत्रीतून निसटलेले पांढरे पुंजके काटेरी कुंपणाला अडकले. सरांनी पायातल्या मोज्याकडे पाहिलं. उजव्या पायाचा मोजा अंगठ्याच्या शेजारी किंचित ओला होता. तिथे, दुसऱ्या बोटाच्या पोटाशी, दिवाळीच्या सुमारास नवी चप्पल लागली होती. साधा फोड. दुखला नाही म्हणून कळला नाही, आणि दुखला नाही हेच वाईट आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांची शुगर जुनी होती आणि कलीमभाईंची त्याहून जुनी. कलीमभाई त्यांचे थोरले भाऊ. पांढरकवड्याला हायवेवर ट्रकचं गॅरेज होतं त्यांचं. आधी एक बोट गेलं. मग पाऊल. मग गुडघ्याखाली. दर वेळी डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. शेवटी दवाखान्याच्या खाटेवर कलीमभाई चादरीच्या सपाट भागाकडे बघत म्हणाले होते, "जब्बार, मी गाडीसारखा पार्ट पार्ट खोलला गेलो रे." आणि हसले होते. ते हसू सरांच्या मनात घर करून बसलं होतं. आपला फोड फुटला, त्याचं खड्ड्यासारखं झालं, कडेची कातडी पांढरी पडली, तेव्हा त्यांना तेच हसू ऐकू आलं, आणि त्यांनी मोजे घातले. हुस्नाबीच्या लक्षात आलंच. "थंडी जाऊन राह्यली अन् तुमचे मोजे काही उतरून नाही राह्यले. घरातल्या घरात कोणत्या हापिसात जाऊन राह्यले अजी तुम्ही?" ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाले थंडी जरा उशिरा सोडते." ती म्हणाली, "हो, अक्कल तेवढी लवकर सोडते." आणि भाकरी उलटायला आत गेली. तिनं पुढे विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं.

बाटलीचं सगळं कंबरमोडीपासून सुरू झालं, आणि कंबरमोडी सरांची होती. शाळेच्या भिंतीला, बांधावर, रेल्वेच्या जुन्या रुळांत, कुठेही उगवणारं ते लवदार पानांचं झाड, लांब दांडीवर एकच पिवळं फूल. कबड्डीत पोरं पडली की सर दोन पानं तोडून तळव्यावर चुरायचे आणि हिरवा रस गुडघ्यावर पिळायचे. पोर ओरडायचं, मग थांबायचं. तसं सगळेच करतात, या भागातल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. पण सर त्यापुढे जायचे. ते विचारायचे, "रक्त थांबलं ते पानानं थांबलं का आपोआप थांबलं? कसं ओळखशीन?" सात वर्षांच्या नसरीननं यावर आपले दोन्ही फुटलेले गुडघे पुढे केले होते. "एकाले लावा. एकाले नोका लावू." सर तिच्याकडे बघतच राहिले होते. पुढे वीस वर्षांनी तिनं पीएचडीला तेच झाड घेतलं. पानं धुवायची, उकळायची, गाळून घ्यायची. त्या फिकट पिवळ्या पाण्यात चांदीचा क्षार थेंब थेंब सोडायचा. हळूहळू पाणी गडद होत जातं, मधासारखं, मग कोऱ्या चहासारखं. तो रंग पानाचा नसतो. चांदीचा असतो. चांदी इतकी बारीक झालेली असते की ती पांढरी राहतच नाही. सरांनी हे ओट्यावरच्या पोरांना सांगितलं होतं. पोळीचा अर्धा तुकडा करा, त्याचा अर्धा, त्याचा अर्धा, हाताला लागेनासा झाला तरी करत राहा, डोळ्याला दिसेनासा झाला तरी करत राहा. एक पोरगं म्हणालं, "मग खायाचं काय, सर?" सगळे हसले. नसरीननं एकदा काचेच्या बशीचा फोटो दाखवला. बशीभर जंतूंची साय धरलेली, मधोमध त्या पाण्यात बुडवलेला कागदाचा एवढासा तुकडा, आणि त्याच्याभोवती स्वच्छ गोल. त्या गोलात काहीच उगवलं नव्हतं. "जखमेतले जंतू आहेत हे, अब्बा. शुगरवाल्यांच्या जखमेतले." सर त्या गोलाकडे पुष्कळ वेळ बघत होते. बघता बघता तो गोल त्यांच्या पायाच्या बोटाभोवती जाऊन बसला.

कॉलेजातला फ्रिज बिघडला म्हणून तिनं बाटली घरी आणली. हिरव्या झाकणाची, कागद गुंडाळलेली. दह्याच्या भांड्यामागे ठेवली आणि सगळ्यांना बजावलं, हात लावायचा नाही, हे किती दिवस असंच टिकतं ते पाहायचं आहे. टिकलं नाही तर सगळं फुकट. चार-पाच दिवसांनी सरांनी पहिल्यांदा कानकाडी बुडवली. चोरी वाटली नाही. आपलंच झाड, आपलीच मुलगी, आपलाच पाय. पहाटे नमाज झाल्यावर हुस्नाबी चहा ठेवायची तेवढ्या वेळात ते काम व्हायचं. जखम कमी झाल्यासारखी वाटायची. मग नाही वाटायची. मग ते चष्मा बदलून बघायचे. बाटलीतलं पाणी मात्र खरोखरच कमी होऊ लागलं, आणि एका पहाटे त्यांनी ती पातळी पुन्हा होती तिथे आणून ठेवली. नळाखाली धरून. नगरपालिकेचं पाणी आठवड्यात एकदा यायचं, नळाला घरच्या बोअरचं होतं, तेच खारं, ज्यानं किटलीत पांढरा थर धरतो आणि हुस्नाबीची डाळ शिजत नाही. रंग जरा फिका झाला. त्यांनी बाटली हलवली, कागद नीट केला आणि दह्यामागे ठेवली. एवढंच.

काल संध्याकाळी नसरीननं ती बाहेर काढली. खिडकीजवळ जाऊन उजेडात धरली. तळाशी राखाडी गाळ बसला होता आणि वरचं पाणी धुवणासारखं गढूळ झालं होतं.  मग बाटली टेबलावर ठेवून खुर्चीत बसली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, लहानपणी गणित चुकल्यावर बसायची तशी. "टिकलं नाही, अब्बा," ती म्हणाली. "पहिले चांगलं होतं. मग बसलं सगळं खाली. उद्या दुपारी गाईड मॅडमले सांगते, जर्नलले पाठवलेला पेपर मागे घ्या म्हणून." सर म्हणाले, "एकदा पाहून घे ना बेटा, काहीतरी राह्यलं असेल." ती म्हणाली, "काय राह्यलं असेल? तीन वर्षं पाहूनच राह्यली ना मी." ती जेवली नाही. आत हुस्नाबी भांड्यांना बोलत राहिली. सरांनी भात कालवला, एक घास घेतला, आणि तो घास तोंडात इकडून तिकडे फिरत राहिला. सांगायला एकच वाक्य होतं. पण त्या वाक्यामागे बाटली होती, बाटलीमागे मोजा होता, मोज्यामागे बोट, बोटामागे सर्जन, आणि सर्जनच्या मागे चादरीचा सपाट भाग. एक ओढलं की सगळं हातात येणार होतं. ते म्हणाले, "थोडा तरी खाऊन घे," आणि पाणी प्यायले. बाटली रात्री पुन्हा दह्यामागे गेली, आणि पहाटे सवयीनं त्यांचा हात तिच्याकडे गेला.

"सर, झालं," तमन्नानं वही पुढे केली. तिचं पहिलं उत्तर चुकलं होतं. तिनं त्यावर एक रेघ मारून खाली दुसरं लिहिलं होतं, आणि चुकलेलं उत्तर रेघेखाली स्पष्ट वाचता येत होतं. हा सरांचा नियम. त्यांच्या वर्गात खोडरबर चालत नसे. नव्या शाळेत बदली झाली की पहिल्या दिवशी ते पोरांचे खोडरबर गोळा करून एका डब्यात टाकायचे, पालक तक्रार करायचे, हेडमास्तर बोलावून घ्यायचे, आणि सर शांतपणे सांगायचे की विज्ञानात खोडायचं नसतं. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. नाहीतर आपण कुठून आलो ते कळणार कसं? पोरं घरी जाताना रिकामे खिसे दाखवून एकमेकांना चिडवायची. किती पोरं या नियमातून गेली. कुणी तलाठी झालं, कुणी महागावला कृषी केंद्र टाकलं, आणि एक नसरीन झाली. आणि आपण बाटली नळाखाली धरली. त्यांना वाटलं, पायाच्या बोटाला जे वाटत नाही ते सगळं इथे, छातीत, जमा होऊन राहिलं आहे. त्यांनी तमन्नाच्या बेरजेखाली बरोबरची खूण केली. खूण करताना हात बाहीतून बाहेर आला, आणि काळपट बोटं वहीच्या पांढऱ्या पानावर अगदी उघडी पडली. तमन्नानं पुन्हा एकदा पाहिलं आणि वही मिटून घेतली.

पोरं गेल्यावर त्यांनी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर माणूस अर्धं सांगतो. ते उठले. बुटात पाय जाईना म्हणून मोज्यावरच जुनी चप्पल सरकवली. हुस्नाबी दारात आली. "कुठी चालले?" "कॉलेजात. नसरीनकडे." "उन्हाचं? असं काय अडलं?" सरांनी हात पुढे केला. नेमका कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, पण केला. हुस्नाबीनं ती बोटं पाहिली, मग त्यांचा चेहरा, मग मोजा. महागावच्या बाजारात कापसाची पारख करणाऱ्या बापाची मुलगी ती. "म्हणून," ती म्हणाली. फक्त तेवढंच. मग आत जाऊन तिनं डब्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधला. "पोरीनं काल खाल्लं नाही. आधी तिले खाऊ घालजा. मग काय सांगाचं ते सांगजा. आधी सांगसान तर आजही नाही खाणार ते."

ऑटोत बसल्यावर त्यांनी पाय समोर लांब केला. बसस्टँड, तहसील, कापडाची दुकानं, सगळं रोजचं होतं, तरी कुणी तरी ते थोडं बाजूला सरकवून ठेवल्यासारखं वाटत होतं. कलीमभाईंचं ते हसू पुन्हा आलं. पण या वेळी त्याच्या मागे दुसरं काहीतरी दिसलं, आजवर त्यांनी न पाहिलेलं. ऑइलनं काळे झालेले कलीमभाईंचे बूट. उन्हाळ्यात, चाळीस-पंचेचाळीस डिग्रीत, गॅरेजात बूट. वहिनी म्हणायची, झोपतानाही काढत नाहीत. त्यांनीही लपवलं होतं. किती महिने, कोण जाणे. मी कापण्याला भीत राहिलो, सरांना वाटलं, आणि बुटांकडे कधी पाहिलंच नाही. ऑटो खड्ड्यात आदळला. ऑटोवाला म्हणाला, "संभाळा सरजी, पाय." तो त्यांचा विद्यार्थी नव्हता, पण यवतमाळात पांढरे केस आणि खिशाला पेन दिसला की लोक सर म्हणतात.

नसरीन प्रयोगशाळेत एकटीच होती. उंच स्टुलावर बसून ती रिकाम्या फ्लास्ककडे बघत होती. "अब्बा? तुम्ही इथं काहून?" त्यांनी डबा पुढे केला. "अम्मीनं दिला. आधी खा." ती खायला तयार नव्हती, पण ते समोर बसून राहिले, वर्गात गोंधळ थांबेपर्यंत बसायचे तसे, आणि शेवटी तिनं एक भाकर संपवली. मग ते म्हणाले, "बेटा, तुझं टिकलं नाही असं नाही. मी त्यात पाणी टाकलं. नळाचं." आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. ऑटोत ऊन लागून डाग आता जवळजवळ काळे झाले होते. तिनं बोटांकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता ती बाटलीबद्दल विचारेल. कधी, किती, कशासाठी. त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. ती स्टुलावरून उतरली, त्यांच्यासमोर खाली बसली आणि अगदी हळू म्हणाली, "कुठं लावलं, अब्बा?"

त्यांनी उजवा पाय पुढे केला. तिनंच मोजा काढला. कडेला काळसर झालेलं बोट, मधला ओला खड्डा. सरांना तिचे दोन फुटलेले गुडघे आठवले, एकाला पानाचा रस लावलेला आणि एकाला न लावलेला. "ते औषध नव्हतं," ती म्हणाली. शब्द ती एकेक करून नीट ठेवत होती. त्यांच्यासारखीच. "धुतलंसुद्धा नव्हतं मी ते. उरलेला चांदीचा क्षार तसाच होता त्यात, म्हणून तर बोटं काळी झाली. अब्बा, बशीत फक्त जंतू असतात. बशीले रक्त नसते, शुगर नसते. बशीत चाललं म्हणजे माणसात चालते असं कोण म्हणलं तुम्हाले?" ते म्हणाले, "कोणी नाही. मीच म्हणलं." मग म्हणाले, "चूक झाली." ती रडत रडतच हसली. "पानाचा रस लावला असता तरी एक वेळ बरं होतं," ती म्हणाली. तिनं त्यांचा पाय स्वच्छ पाण्यानं धुतला आणि कोरडी पट्टी बांधली. बांधता बांधता तिचा हात मधेच थांबला. "खारं पाणी पडलं म्हणून खाली बसलं ते," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पण जखमेचं पाणीही खारंच असते ना. तिथं काय होत असेल त्याचं?" बापाचा पाय हातात असताना आपण हे काय बोललो, असं वाटून ती ओशाळली. सर म्हणाले, "थांबू नको. पुढं काय?" ती म्हणाली, "पुढं दवाखाना." मॅडमना तिनं फोन केला, पेपर थांबवा म्हणाली, मागे घेऊ नका, आणि मग गाडीची किल्ली घेतली.

बोट गेलं. एकच. सर्जननं पाऊल उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, आणखी महिनाभर थांबले असते तर ही गोष्ट वेगळी झाली असती. सरांनी मान हलवली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादरीकडे पाहिलं. दोन्ही पावलांचे उंचवटे तिथे होते. हुस्नाबी खाटेशेजारी संत्रं सोलत होती. "आता मोजे घालाचे असतीन तर सांगा," ती म्हणाली, "एका बोटाचे कमी विणून देतो." आणि मग तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिली, पुष्कळ वेळ, हातातलं संत्रं तसंच ठेवून.

शिमग्याच्या सुमारास ते पुन्हा ओट्यावर बसले. पाय पाटावर, पाटावर उशी. ऊन आता लवकर तापायला लागलं होतं, आणि पोरं भिंतीच्या सावलीला सरकत सरकत बसली होती. नसरीननं नवं पाणी तयार केलं होतं, दोन बाटल्यांत, एकीत मिठाचं पाणी घालून आणि एकीत न घालता. कॉलेजातला फ्रिज दुरुस्त झाला होता. काय होईल ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. सरांच्या बोटांच्या कातडीवरचा डाग बराचसा गेला होता. तो धुऊन जात नाही, नसरीन म्हणाली होती, खालून नवी कातडी येते आणि जुनी निघून जाते, तेवढा वेळ द्यायचा. नखात मात्र तो अजून होता, तपकिरी, नखाबरोबर हळूहळू वर सरकणारा. पोरांनी पायाबद्दल विचारलं, दुखते का विचारलं, कापलेलं बोट कुठे ठेवतात तेही विचारलं, आणि सरांनी ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मग ते तमन्नाकडे वळले. "तमन्ना, त्या दिवशी तू विचारलं होतं ना, बोटाले काय झालं म्हणून. मी शाई म्हणलं. शाई नव्हती ते."

"मले माहीत होतं," तमन्ना म्हणाली. "तुमचा पेन निळा आहे."

"मग बोलली काहून नाही?"

तिनं खांदे उडवले. थोडा विचार केला, भुवया जवळ आल्या. मग तिनं हात पुढे करून त्यांच्या खिशातला पेन काढून घेतला, त्यांच्या हाताचा अंगठा आपल्या गुडघ्यावर घट्ट धरला, आणि तपकिरी नखावर, जपून, आडवी एक निळी रेघ मारली. खालचा डाग दिसेल अशी.